वर्षाचे, महिन्याचे, आठवड्याचे : वाढत्या दरांत घरचा बाजार कसा बसवावा

महागाई वाढली असे घराघरांत म्हटले जाते. पण ती आपल्या स्वयंपाकघरातल्या नेमक्या कोणत्या डब्यात शिरली आहे असे विचारले, तर तेल, तूरडाळ आणि टोमॅटो यांपलीकडे बहुतेकांना उत्तर सुचत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातले आपले घर अजूनही निम्मे शेतावर आणि निम्मे दुकानावर चालते. सुगीत तांदूळ भरायचा, उन्हाळ्यात मिरचीची चटणी कांडून ठेवायची आणि बाकीचे किराणा दुकानातून आणायचे, ही जुनी घडी आहे. ती अडाणीपणाची मुळीच नव्हती. शहरातला पगार आणि पिशवीबंद माल आल्यावर ती विस्कटली, आणि आता सगळाच बाजार एका महिन्याच्या यादीत कोंबला जातो. या लेखात ती घडी आजच्या दरांना धरून पुन्हा कशी बसवायची, ते सांगायचे आहे.

आधी एक महिना फक्त लिहा

पहिल्या महिन्यात काहीही कमी करू नये. दोनशे पानी वही घ्यावी आणि तीत तारीख, वस्तू, वजन, रक्कम आणि किलोमागे पडलेला दर असे पाच रकाने आखावेत. बहुतेक लोक वस्तू आणि रक्कम एवढेच लिहितात, आणि तिथेच हिशेब फसतो. कारण "तेल १५० रुपये" या नोंदीवरून तेल महागले की पिशवी लहान झाली, हे कधीच कळत नाही. वजनाचा रकाना कंटाळवाणा असतो, पण वहीचा सगळा उपयोग त्यातच आहे.

घरातल्या प्रत्येकाने आणलेली वस्तू वहीत आली पाहिजे. मुलाने कोपऱ्यावरून आणलेला बिस्किटाचा पुडा, संध्याकाळचे फरसाण, पाहुणे आले म्हणून मागवलेली थंड पेयाची बाटली, सगळेच. मी स्वतः पहिल्यांदा वही ठेवली, तेव्हा आमच्या घराला तेलाने आणि डाळीने गाठले आहे अशी माझी खात्री होती. महिनाअखेरीस बेरीज केल्यावर अशा सुट्या खाऊची रक्कम तांदळाच्या रकमेपेक्षा जास्त निघाली. दहा-वीस रुपयांच्या त्या नोंदी इतक्या किरकोळ होत्या, की त्या खर्चात धराव्यात असेही आधी वाटले नव्हते. यात आमचे घर वेगळे नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणानुसार ग्रामीण घराच्या एकूण खर्चातला सुमारे ४७ टक्के आणि शहरी घरातला सुमारे ४० टक्के भाग खाण्यापिण्यावर जातो, आणि त्यात धान्य, दूध, भाजी यांतल्या प्रत्येकापेक्षा मोठा वाटा पेये आणि तयार खाद्यपदार्थांचा आहे.

महिना संपल्यावर वहीतल्या वस्तू तीन याद्यांत वाटाव्यात. ज्या वस्तूंना पिकाचा हंगाम आहे आणि ज्या टिकतात, त्या वर्षाच्या यादीत जातात. तांदूळ, जोंधळा, मसूर, मिरची, गूळ, चिंच ही त्यांची उदाहरणे. ज्यांना आपल्या भागातला हंगाम फारसा लागू होत नाही, त्या तेल, साखर, चहापूड, तूरडाळ, रवा अशा वस्तू महिन्याच्या यादीत येतात. भाजी, अंडी, फळे आठवड्याची. ही वाटणी दर का चढतात यावरून केलेली आहे, आणि कारण वेगळे असल्यामुळे उपायही वेगळा पडतो.

वर्षाचे धान्य

तांदळापासून सुरुवात करावी, कारण रक्कम मोठी असते आणि चूकही मोठी होते. घराला वर्षाला किती तांदूळ लागतो, हे अंदाजाने सांगू नये. एका रिकाम्या डब्यात सात किलो तांदूळ मोजून घालावा आणि तो किती दिवस पुरतो, ते पाहावे. आमच्या पाच माणसांच्या घरात, रात्री भाकरी किंवा चपाती असताना, तो नऊ दिवस पुरला. म्हणजे वर्षाला सुमारे २८५ किलो. त्याआधी मी सवयीने चार क्विंटल भरत होते, आणि उरलेल्या क्विंटलभर तांदळात पावसाळ्यात सोंडे व्हायचे. शेवटी तो निवडत बसण्यात आणि कोंबड्यांना घालण्यात जो पैसा जायचा, तो महागाईच्या नावावर खपून जात होता.

खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत भाताची कापणी साधारण नोव्हेंबरात होते आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत मळणी झालेला माल बाजारात येतो. हीच घ्यायची वेळ. नवा तांदूळ चिकट होतो आणि फुगत नाही, म्हणून तो सुगीत घेऊन ठेवावा आणि खायला पावसाळ्याच्या तोंडाला काढावा. ओळखीच्या शेतकऱ्याकडून भात घेऊन गिरणीवर सडून आणायचे असेल, तर आधी हिशेब मांडावा. शंभर किलो भातातून साधारण ६५ किलो तांदूळ निघतो. समजा भात क्विंटलला ३,००० रुपयांनी मिळाले, तर तांदूळ किलोला सुमारे ४६ रुपयांना पडतो. त्यावर गिरणीची मजुरी आणि गाडीभाडे चढवावे आणि मगच दुकानातल्या दराशी तुलना करावी. कणी आणि कोंडा कोणाचा, हे गिरणीवाल्याशी आधीच बोलून घ्यावे, कारण मजुरी कमी सांगून कोंडा ठेवून घेतल्यास सौदा वाटतो तेवढा स्वस्त राहत नाही. बासमती आणि इंद्रायणीसारखे वासाचे तांदूळ सणापुरते वेगळे घ्यावेत. रोजच्या भाताला त्यांचा दर परवडत नाही.

दुकानातून पोते घेणार असाल, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोंपर्यंतच्या, आधीच पॅक करून लेबल लावलेल्या तांदूळ, डाळ, पीठ अशा मालावर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर आणि २५ किलोंवरच्या पोत्यावर नाही. बाजारात २६ किलोंची पोती दिसू लागली, त्यामागचे कारण हे आहे. म्हणून एकाच प्रतीच्या तांदळाचे पाच किलोंचे पाकीट, सुटा माल आणि २६ किलोंचे पोते यांचे किलोमागचे दर विचारून घ्यावेत. दोन घरांनी मिळून एक पोते वाटून घेतले, तर लहान कुटुंबालाही ते झेपते.

रेशनचा तांदूळ मिळणाऱ्या घरांचा हिशेब वेगळा आहे. कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य योजनेत केंद्राच्या माणशी पाच किलोंवर राज्याने आणखी पाच किलो द्यायचे ठरवले. तांदूळ उपलब्ध नसल्यामुळे जुलै २०२३ पासून त्या पाच किलोंऐवजी किलोला ३४ रुपये दराने माणशी १७० रुपये खात्यात जमा होऊ लागले, आणि फेब्रुवारी २०२५ पासून रोखीच्या जागी पुन्हा तांदूळ आला. अशा योजनांचे स्वरूप बदलत असते. म्हणून त्या त्या महिन्याच्या पावतीवर जे मिळाले, तेच वहीत धरावे. संदेश आणि सूचना कन्नडात येतात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या वाचता येत नाहीत, ही आपल्याकडची नेहमीची अडचण आहे. शाळेत कन्नड शिकणाऱ्या नातवाकडून त्या दर महिन्याला वाचून घेण्याचे काम लावून द्यावे. चार माणसांच्या घराला माणशी दहा किलो मिळत असेल, तर रोजच्या भाताची गरज त्यातच भागते. अशा घराने वर्षाचे पोते भरू नये. तो पैसा डाळ आणि दूध यांकडे वळवावा. तांदूळ पुरेसा आणि डाळ अपुरी, अशी ताटाची स्थिती आपल्याकडे फार घरांत आहे.

मसुरीबद्दल थोडे सांगावेसे वाटते. येळ्ळूर, हलगा, बसवण कुडची या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात भात निघाल्यावर मसूर, वाटाणा, हरभरा होतो, आणि त्या बारीक मसुरीची चव खाणाऱ्यालाच ठाऊक असते. तिचा दर जास्त असतो. देशात कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून बरीच मसूर येते आणि मसूरडाळ म्हणून तीही दुकानात असते. आमच्या घरी गावची मसूर अख्ख्या मसुरीच्या आमटीपुरती घेतो आणि रोजच्या वरणाला साधी मसूरडाळ वापरतो. हौस आणि हिशेब यांचे डबे वेगळे ठेवले, की दोन्ही चालतात. अख्खी मसूर, मटकी, हुलगे ही कडधान्ये रात्री भिजत घातल्यास गॅसही कमी लागतो.

मिरचीचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल असतो. वर्षाच्या चटणीत रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा लवंगी असे मिश्रण असते. ब्याडगीचा दर चढला, की तिचे प्रमाण थोडे उतरवावे. चटणीचा रंग फिका पडेल, चव फारशी बिघडणार नाही.

हे सगळे मृगाचा पाऊस लागण्याआधी डब्यांत गेले पाहिजे. आपल्याकडचा पावसाळा लांब आणि दमट असतो, त्यामुळे धान्य आधी कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरावे. कोमट धान्य भरले, तर आतल्या वाफेनेच ते खराब होते. तांदळात वाळवलेला कडुलिंबाचा पाला घालतात, तुरीला एरंडेलाचा हात लावतात आणि चटणीच्या बरणीत हिंगाचे खडे ठेवतात. शेंगदाणे आणि तेल मात्र वर्षाचे भरू नयेत, ते खवट होतात.

एवढी रक्कम एकदम कुठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. ज्या घरातल्या गृहिणीला गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये मिळतात, तिने ती रक्कम महिन्याच्या किराण्यात धरू नये असे मला वाटते. हप्ता ठरलेल्या तारखेला येईलच असे मानून यादी केली, तर एक महिना चुकल्यावर दुकानात उधारी होते. त्याऐवजी येईल तेव्हा तो सुगीच्या तांदळासाठी बाजूला टाकावा. ज्यांना तो मिळत नाही, त्यांनी गल्लीतल्या भिशीचा हप्ता डिसेंबरात उचलावा, किंवा वर्षाऐवजी सहा महिन्यांचेच धान्य घ्यावे.

महिन्याची यादी : किलोमागे दर काढा

महिन्याच्या मालात दरवाढ दोन वाटांनी येते. एक उघड असते. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येते. त्यामुळे सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले, तेव्हा तेल महागले. मे २०२५ च्या अखेरीस ते शुल्क १० टक्क्यांवर आणले गेले. अशी बातमी वाचल्यावर घाईने डबे भरायला धावू नये. पंधरा दिवसांचे तेल हाताशी असले, की पुरे.

दुसरी वाट वजनाची आहे आणि ती दिसत नाही. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम असते. पण शेजारीच ८५०, ८०० किंवा ७५० ग्रॅमची तशीच दिसणारी पिशवी ठेवलेली असते. समजा लिटरची पिशवी १५० रुपयांना आणि ८०० ग्रॅमची १३६ रुपयांना आहे; हातात घेताना दुसरी १४ रुपयांनी स्वस्त वाटते, प्रत्यक्षात पहिली किलोला सुमारे १६५ रुपये पडते आणि दुसरी १७०. पॅक केलेल्या मालावर आता एकूण किमतीबरोबर ग्रॅममागचा किंवा किलोमागचा दरही छापावा लागतो. तो बारीक अक्षरांत असतो. चष्मा घरी विसरू नये.

दुधातही हेच झाले. जून २०२४ मध्ये नंदिनीने पिशवीत ५० मिली दूध वाढवून किंमत दोन रुपयांनी वाढवली, म्हणजे लिटरमागचा दर जवळजवळ तोच राहिला. १ एप्रिल २०२५ पासून ते जादा दूध काढून घेतले गेले आणि टोन्ड दूध लिटरला ४२ वरून ४६ रुपये झाले. ज्यांनी फक्त पिशवीची किंमत लक्षात ठेवली होती, त्यांना दरवाढ होती त्यापेक्षा लहान वाटली. गवळ्याचा रतीब लावलेला असेल, तर त्याच्या मापाने एकदा आपल्या घरच्या मापात दूध ओतून पाहावे. यात अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही, फेस बसल्यावर माप किती उतरते ते दोघांनाही कळते.

तेलाच्या बाबतीत किती घ्यावे, याचेही उत्तर आहे. बैठे काम करणाऱ्या माणसाला दिवसाला २० ते २५ ग्रॅम तेल पुरते, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनातून दिसते. म्हणजे चार माणसांना महिन्याला साधारण तीन लिटर. महिन्याच्या पहिल्या तारखेला तेवढे तेल एका वेगळ्या बरणीत ओतून फक्त त्यातूनच वापरावे. बरणी वीस तारखेला रिकामी झाली, तर तळण कोणत्या दिवशी झाले ते वहीत सापडेल.

शनिवारचा बाजार आणि पेंडी

बेळगावचा आठवडी बाजार शनिवारी असतो. इतर गावांचे आपापले बाजारवार आहेत. भाजीचे दर इथे फक्त आपल्या मागणीवर ठरत नाहीत. गोव्याची भाजी मोठ्या प्रमाणात बेळगावातून जाते, त्यामुळे घाटापलीकडे सण किंवा मागणी वाढली, की आपल्या टोपलीतला दर चढतो. चतुर्थीच्या आठवड्यात हे दरवर्षी घडते. म्हणून नारळ, गूळ, रवा ही चतुर्थीची सामग्री पंधरा दिवस आधी आणावी. भाजीला मात्र आधी आणून ठेवण्याचा इलाज नाही, त्या आठवड्यापुरती वेगळी रक्कम धरावी.

पालेभाजी पेंडीवर मिळते आणि पेंडीला वजन नसते. मागच्या पावसाळ्यात मी पंधरा रुपयांची मेथीची पेंडी घरच्या काट्यावर ठेवली. ती ३१० ग्रॅम भरली. मुळे, माती आणि जाड देठ काढून निवडल्यावर हातात १४० ग्रॅम पाने उरली. म्हणजे कढईत पडलेली मेथी किलोला १०७ रुपयांची होती. त्याच दिवशी दुधी चाळीस रुपये किलो होता आणि त्यातले फारसे काही फेकावे लागले नाही. मेथी खाऊ नये असे याचे तात्पर्य नाही. ती स्वस्त आहे असे धरून तीन-तीन पेंड्या आणू नयेत, एवढेच. पालेभाजी दोन दिवसांपुरती, फळभाजी तीन दिवसांपुरती, आणि शेवटचे दोन दिवस कडधान्याचे, असा आठवडा आखला, की शुक्रवारी टोपलीत काही सडत नाही.

एखादी भाजी भलतीच चढली, तर ती सोडून देण्याची तयारी ठेवावी. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, तेव्हा आमटीत चिंच आणि आमसूल घालून दीड महिना काढला आणि घरात कोणी तक्रार केली नाही. वाईट वाटले ते फक्त सॅलड खाणाऱ्या धाकट्याला. त्याउलट, लाल मातीतले नवे बटाटे आणि रताळी ज्या आठवड्यांत भरपूर येतात, त्या आठवड्यांत ती खाऊन घ्यावीत.

बाजारासाठी किती लांब जावे, याचाही हिशेब असतो. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकात महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, त्यामुळे बाई बाजाराला गेल्यास राज्यातला फेरा फुकट पडतो. हद्द ओलांडून गडहिंग्लजला मिरचीसाठी किंवा चंदगडला काजूसाठी जायचे झाले, तर तिकीट किंवा पेट्रोल आणि बाहेरचा चहा-नाश्ता किलोमागच्या दरात मिळवून पाहावा. दोन किलो मिरचीसाठी असा फेरा परवडत नाही. तीन-चार घरांची यादी एकत्र केली, तर परवडतो.

उधारीची वही

गल्लीतल्या दुकानाची उधारी वाईट नाही; अडीअडचणीला तोच दुकानदार उभा राहतो. मात्र दुकानाच्या वहीत जे लिहिले जाते, ते त्याच दिवशी आपल्या वहीतही दरासकट लिहावे. आमच्या एका जुन्या दुकानात सहा महिने आम्ही फक्त एकूण रक्कम भरत होतो. एकदा ओळीने तपासल्यावर तूरडाळीचा दर घाऊक बाजारात उतरून दोन महिने झाले तरी आमच्या पानावर जुनाच चालू असलेला आढळला. विचारल्यावर त्यांनी तो लगेच दुरुस्त केला. तूरडाळीसारखी वस्तू चढताना लगेच चढते आणि उतरताना सावकाश उतरते, म्हणून तिचा बेळगावच्या रविवार पेठेतला घाऊक दर महिन्यातून एकदा तरी विचारून यावे.

वहीच्या मागच्या पानावर तांदूळ, जोंधळा, तूरडाळ, मसूर, तेल, साखर, गूळ, दूध, मिरची आणि नारळ या दहा वस्तूंचा किलोमागचा, लिटरमागचा किंवा नगाचा दर दर महिन्याच्या पाच तारखेला एका ओळीत लिहावा. सुगीत भात ठरवायला जाताना ते पान सोबत न्यावे.